डाव्या वळणावरचा भोंगा

शिकल्या-सवरल्या माणसाने लिंबू-मिरची बांधू नये, आणि बांधलीच तर कोणाला दिसेल अशी बांधू नये, या मताचा मी. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून असलो तरी मॅट्रिक आहे (दुसऱ्या खेपेला). आमच्या मालकांनी शेडमध्ये धूळ खात पडलेली, दोनच माणसं बसतील अशी बिनटपाची विलायती स्पोर्ट्स कार "घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल" म्हणत माझ्या गळ्यात घातली, तेव्हा मी आळीभर पेढे वाटले. आमची सौ. अन्नपूर्णा मात्र तारेत ओवलेलं लिंबू, सात मिरच्या आणि बिब्बा घेऊन आली.

"समोर बांधा. दर शनवारी नवं लागते."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकाईसाठीच त बांधतात."

समोर बांधलं तर ऑफिसात माझी सुधारक म्हणून जी काय पत होती ती गेली असती. न बांधलं तर घरात माझी धडगत नव्हती. मी मधला मार्ग काढला. डॅशबोर्डच्या खाली, अंधारात, कसल्याशा वायरच्या टोकाला एक पितळी स्क्रू छान बाहेर आला होता. त्याला ते अडकवलं. सौ. खूश, मीही सुधारक.

त्याच दिवसापासून गाडी डावीकडे वळली की भोंगा आपोआप वाजू लागला. सरळ रस्त्याला गरीब, डावीकडे वळली की प्यांऽऽ! ऑफिसचं वळण नेमकं डावीकडे. मी आलो हे मालकांना आता रोज कळू लागलं (आणि किती वाजता आलो तेही).

उकंडराव मिस्त्री म्हणजे ट्रकांच्या वायरिंगमधला वाकबगार माणूस. त्याने ऐकूनच निदान केलं. "शॉर्ट हाय बाबूजी. कुठी तरी वायर उघडी पडली."

त्याच्याकडे गाडी नेताना मी आधी लिंबू काढून खिशात घालत असे. मिस्त्रीपुढे अडाणी दिसायचं नव्हतं. उकंडरावाने तारेला बल्ब जोडून एकेक वायर तपासली, मग मला शेजारी बसवून डाव्या वळणांनी गावाला चार चकरा मारल्या. भोंगा चकार शब्द काढीना. घरी येऊन मी लिंबू जागच्या जागी टांगलं. दुसऱ्या दिवशी प्यांऽऽ!

असं पाच वेळा झालं. त्याने भोंग्याचं बटण बदललं, वायरी बदलल्या, जेवण टाकलं.

"तीस वर्सं झाले मले या धंद्यात. माह्याकडे आली का गाय होते, तुमच्या घरी गेली का बोंबलते. काऊन हो?"

"नजर लागली," सौ. म्हणाली. "एका लिंबानं भागत नाई."

शनिवारी दोन लिंबं आली. आता भोंगा उजवीकडेही वाजू लागला.

अशात डोणगावहून सासऱ्यांचं, हिंमतरावांचं, पत्र आलं. धाकटा मेहुणा निवृत्ती याचं लग्न शनिवारी, मुलीच्या गावी, बीबीला. नवरदेव जावयाच्या मोटारीतून येणार असं त्यांनी पाच गावांत सांगितलं होतं आणि ठरवलेला घोडा परत पाठवला होता. दहा वर्षांत सासऱ्यांनी मला एकदाही आपणहून "बसा" म्हटलं नव्हतं. खरं सांगतो, त्यांच्या तोंडून एक शाबासकी ऐकावी म्हणूनच मी ती गाडी घेतली होती.

उकंडरावाला मुद्दाम वऱ्हाडात घेतलं. लग्नाचा दिवस म्हणून सौ.ने तीन लिंबं दिली. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली, शेजारी बाशिंग बांधलेला निवृत्ती. पहिलं डावं वळण आलं आणि भोंगा सुटला. या वेळी तो सरळ रस्त्यालाही थांबेना. बँडवाले हात खाली सोडून उभे राहिले. एक बैलजोडी गाडीसकट ज्वारीत शिरली. शेवटी बॅटरीच संपली, भोंगा कण्हत कण्हत बंद झाला आणि मांडव तीस पावलांवर असताना इंजिनही बंद पडलं.

उकंडरावाने साऱ्या वरातीदेखत डॅशबोर्डखाली डोकं घातलं. हात बाहेर आला तो तीन लिंबं घेऊन.

"भोंग्याच्या उघड्या टोकाले तार! गाडी हालली का तार पत्र्याले लागे अन् भोंगा वाजे. हे बांधलं कोनं?"

"मी."

"मंग मले कसं नाई दिसलं?"

"तेव्हा खिशात होतं."

उकंडराव जमिनीवरच बसला. सासऱ्यांनी लिंबं हातात घेऊन निरखली.

"लिंबू लय खरं निघालं हो! पाहा ना, गाडीकडे कोनाचीच नजर नाई. सारे जावाईबापूकडेच पाहून राह्यले."

नवरदेव मोटारीतूनच मांडवात गेला. ढकलायला मी होतो.

पुढच्या शनिवारी सौ. नेहमीसारखं लिंबू घेऊन आली. मी सवयीने हात पुढे केला.

"गाडीले नाई," ती म्हणाली, आणि ते माझ्या शर्टाच्या गुंडीला अडकवू लागली. "बिघाड कुठी हाय, थे आता सापडलं."