गळती शोधण्याची माझी पद्धत

आमची सून ऋचा एका रविवारी म्हणाली, "बाबा, तुमचं सरकारी आरोग्याचं आभा कार्ड काढून देते. मग सगळे रिपोर्ट, सगळी प्रिस्क्रिप्शनं मोबाईलवर. कागद सांभाळायला नकोत."

मी तेव्हा पेपर वाचत होतो. म्हणजे तोंडासमोर धरून बसलो होतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावा त्याच मार्गावर होता. मोठे मथळे दिसायचे, त्याखाली नुसती राख पसरल्यासारखं वाटायचं. वाचता येईनासं झालं की माणूस जरा मवाळ होतो. मी म्हणालो, "काढ."

कार्ड निघाल्यावर मला शंका यायला लागल्या. (शैलाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या मते, मला आधी शंका येते आणि मग जाग येते.) कारण आमच्या पुनावळ्यातल्या प्रत्येक दवाखान्यात अचानक त्या कार्डाचे बोर्ड लागले होते. आमचे फॅमिली डॉक्टर कुलदीप एरवी मान वर करत नाहीत, तेही विचारू लागले, "काका, कार्ड जोडायचं का?" मिहिरनं, आमच्या मुलानं, खुलासा केला. तो चाकणला कंपनीत क्वालिटी बघतो, त्यामुळे घरातही दर्जाबद्दलच बोलतो.

"बाबा, सरकार दवाखान्यांना प्रोत्साहन देतं. रेकॉर्ड डिजिटल केले की त्याचे पैसे मिळतात. आणि सगळ्यांनी एकाच मानकात लिहायचं, म्हणजे इथलं तिथे वाचता येतं."

मी पस्तीसेक वर्षं सरकारी कार्यालयात कारकुनी केली. सरकार कशासाठी तरी स्वतःहून पैसे देतंय म्हटल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. शिवाय इथलं तिथे वाचता येतं, हीच तर धोक्याची गोष्ट. आजवर आपल्या आजारांची गुप्तता कोणी राखली? डॉक्टरांच्या अक्षरानं. ते अक्षर केमिस्टखेरीज कोणाला लागत नव्हतं, आणि केमिस्टलाही लागत होतं असं आपण नुसतं धरून चालत होतो.

माझी माहिती विकली जाणार याबद्दल मला संशय नव्हता. प्रश्न एवढाच होता की विकणार कोण. आणि त्यावर माझ्याकडे ऑफिसातली सिद्ध पद्धत होती.

आमच्या ऑफिसात बातम्या फुटत. एकदा मी जयसिंगच्या कानात सांगितलं की साहेबांची बदली नंदुरबारला झाली, आणि ज्योतीरामच्या कानात सांगितलं की गोंदियाला. दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "गोंदियाला थंडी कितपत असते हो?" ज्योतीराम सापडला. प्रत्येकाला वेगळी खोटी बातमी द्यायची आणि कुठली परत येते ते बघायचं. खर्च शून्य.

तीच पद्धत मी इथे लावली, जिथे जाईन तिथे कार्ड जोडून. डॉ. कुलदीपनी विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी?" मी म्हणालो, "शेंगदाण्याची." दातांच्या डॉक्टर करिष्मांनी विचारलं, "काही व्यसन?" मी म्हणालो, "दारू. रोज." (त्यांनी माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं नव्हतं कधी.) सोसायटीत आरोग्य शिबिर लागलं, तिथल्या मुलीला मी सांगितलं की मी झोपेत चालतो. आता शेंगदाण्याशिवायच्या चिक्कीची जाहिरात आली की चोर कुलदीप. व्यसनमुक्तीवाल्यांचा फोन आला की चोर करिष्मा. मी समाधानानं फोन उशाशी घेऊन वाट पाहू लागलो.

जाहिराती आल्या त्या फक्त फ्लॅटच्या.

दरम्यान डोळ्यांनी पार दगा दिला. एका सकाळी मी पिंपरीची बस समजून भलत्याच बसमध्ये चढलो आणि कुरुळीला उतरलो. तिथे कंपनीच्या गेटवर वॉचमननं मला "शिफ्ट सुटली आजोबा, आता उद्या या" म्हणून परत पाठवलं. त्या दिवशी घरात ठरलं, ऑपरेशन आता लांबवायचं नाही. पिंपरीतल्या डोळ्यांच्या एका दवाखान्यात बऱ्याच खटपटीनंतर तारीख मिळाली. दिवाळीच्या आधी मला पुन्हा वाचता येणार होतं. बारीक टाइपासकट.

तपासणीला शैला आणि ऋचा बरोबर आल्या. डॉ. सुखदा म्हणून शांत बाई होत्या. त्यांच्या टेबलावरून माझ्या मोबाईलवर काहीतरी आलं.

"बाबा, जुने रेकॉर्ड बघायची परवानगी मागतायत. देऊ?" ऋचानं विचारलं.

मला स्क्रीनवर फक्त एक निळा डाग दिसत होता. मी म्हणालो, "दे." (संमती कशाला देतोय ते दिसत नसणं हेच तर माझ्या ऑपरेशनचं कारण होतं.)

डॉ. सुखदा वाचू लागल्या. मग थांबल्या. मग खुर्ची पुढे ओढली.

"काका, रोज किती घेता?"

"काय रोज?" शैला म्हणाली.

"मद्य. इथे 'दररोज' लिहिलंय. शिवाय झोपेत चालण्याची सवय. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी."

शैला माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "आज सकाळी दाण्याच्या कुटाची खिचडी दोनदा घेतली यांनी."

मी घाईघाईनं माझी पद्धत समजावून सांगितली. नंदुरबार, गोंदिया, ज्योतीराम, सगळं. जसजसा सांगत गेलो तसतसा डॉक्टरांचा चेहरा मवाळ होत गेला. झिंगलेल्या माणसाशी बोलताना होतो तसा.

"काका, ऑपरेशनच्या वेळी तुम्ही जागे असता. अगदी स्थिर पडून राहावं लागतं. रोज पिणाऱ्याचे हात, मान थरथरली तर डोळ्याला धोका. ही नोंद असताना मी हात लावणार नाही."

"मग ती नोंद खोडा ना."

"दुसऱ्या डॉक्टरांनी केलेली नोंद मला खोडता येत नाही. जिथे झाली तिथूनच दुरुस्त करून आणावी लागेल."

हे वाक्य मी माझ्या नोकरीत किती लोकांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. समोरच्या बाजूनं ते एवढं लांबलचक ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती.

डॉ. कुलदीपनी शेंगदाणे हसत हसत काढून टाकले. शिबिरवाले तर तंबूसकट नाहीसे झाले होते, पण नुसत्या झोपेत चालण्यावर डॉ. सुखदांचा आक्षेप नव्हता, कारण ऑपरेशन सकाळी होतं. उरली दारू. त्यासाठी शैलाला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेलो.

डॉ. करिष्मा म्हणाल्या, "काका, रागावू नका, पण पिणारे सगळे असंच म्हणतात. घरच्या कोणी सांगितलं तर मी दुरुस्ती करते." आणि त्यांनी शैलाकडे पाहिलं.

माझी दृष्टी आता एका बाईच्या एका वाक्यावर अवलंबून होती. तिच्याबरोबर मी अख्खा संसार केला होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

शैला म्हणाली, "मी कशी सांगू? संध्याकाळी दीड तास हे हायवेकडे फिरायला जातात. तिकडे सगळे बारच आहेत."

"अगं, मी बाकावर बसतो."

"कुठल्या बाकावर, ते मी पाहिलंय का?"

"मला कधी वास तरी आलाय का तुला?"

"बडीशेप खाऊनच घरी येता. मला वाटायचं पचनासाठी."

(पचनासाठीच खातो. पण दातांच्या दवाखान्यात हे वाक्य उच्चारून बघा, कसं वाटतं ते.)

घरी आल्यावर खिचडी साधी झाली, कूट बंद. "कुलदीपनी काढलं की," मी म्हणालो. "एकदा लिहिलेलं होतं ना," शैला म्हणाली, "मग उगाच कशाला." रात्री दाराला आतून कुलूप लागायला लागलं, मी झोपेत जिना उतरू नये म्हणून. मिहिर माझ्याशी एकदम प्रेमानं बोलायला लागला, ते तर फारच वाईट होतं.

आणि चौथ्या दिवशी फोन आला.

"नमस्कार, व्यसनमुक्ती केंद्रातून बोलतोय. आपल्या दारूसंदर्भात."

मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. सापडली. करिष्मा सापडली. फोन स्पीकरवर टाकून मी सगळ्या घराला हाक मारली आणि ऑफिसातल्या आवाजात विचारलं, "माझी ही माहिती आपल्याला कोणी पुरवली? नाव सांगा. मला नाव हवंय."

"तुमच्या मिसेसनी, सर. कालच येऊन नाव नोंदवून गेल्या."

शैला स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "ऑपरेशन हवंय ना? मग जा. महिनाभर गेलात तर मी सांगेन डॉक्टरीणबाईंना."

मी गेलो. दुसरा इलाज नव्हता. गोल करून बसायचं आणि आपापली कहाणी सांगायची. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मी कधीच प्यायलो नाही." सगळे समजूतदारपणे माना डोलावू लागले. शेजारचे रंगराव, ट्रान्सपोर्टमधले माजी ड्रायव्हर, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, मी बी पैले सा महिने असंच म्हनत हुतो." माझी हजेरी पूर्ण भरली. हातही कधी थरथरले नाहीत, याचं तिथे फार कौतुक झालं. महिन्याअखेर टाळ्यांच्या गजरात मला प्रमाणपत्र मिळालं. एक थेंबही न पिता दारू सोडून दाखवणारा बहुधा मी एकटाच असेन.

ते प्रमाणपत्र मात्र डॉ. करिष्मांनी लगेच मानलं. नोंद बदलली, ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. ऋचानं मोबाईल समोर धरला, "बघा बाबा, आता वाचता येतंय?"

अक्षर न अक्षर स्वच्छ दिसत होतं. नव्या डोळ्यानं मी वाचलेला पहिला मजकूर असा: 'मद्यपान: पूर्वी दररोज. सध्या बंद. पत्नीच्या देखरेखीखाली.'