न पाहिलेल्या अंड्याचा दाखला

कोणत्याही वस्तूचं नुकसान झालं आहे की नाही, हे ती तपासल्याशिवाय कळत नाही. सरकारनं तपासल्यावर मात्र हमखास कळतं. या तत्त्वाला अनुसरून मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या कारभारात रोहिणखेडला 'किरण-हानी चौकशी कचेरी' उघडली. वऱ्हाडचं ऊन अंड्यातल्या प्रोटीनची (म्हणजे ज्या सत्त्वाच्या जोरावर कोंबडा आरवतो त्याची) किती नासाडी करतं, हे शोधणं एवढंच तिचं काम. ऊन कमी करणं तिच्या अखत्यारीत नव्हतं.

कचेरीत एक विलायती यंत्र, ते चालवायला ऑइल इंजिन, एक शिक्का आणि शेषराव नावाचा हंगामी कारकून होता. अंड्याचा पांढरा भाग स्फटिकाच्या नळीत भरायचा, मागून आर्क दिव्याचा झगझगीत उजेड सोडायचा, आणि पलीकडे त्या उजेडाचे रंग फुटले की प्रोटीननं कोणता किरण किती गिळला ते फोटोच्या काचेवर उतरवून घ्यायचं. चांगलं प्रोटीन एका तऱ्हेनं गिळतं, नासलेलं दुसऱ्या. माणसांचंही तसंच असतं, पण ती चौकशी वेगळ्या खात्याकडे होती.

अंडी पुरवण्याचा मान शेजारच्या इमामबीला मिळाला. तिची लेक बिलकिस पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिच्यासाठी इमामबीनं अकरा अंडी गव्हाच्या मडक्यात, काळ्या फडक्याखाली जपली होती. कोंबडी आता खुडूक बसलेली, नवं अंडं देत नव्हती. गावात दुसरी अंडी होती, पण कागदावर नोंद याच मडक्याची झाली होती, आणि नोंद बदलण्याचा फॉर्म छापून यायचा होता.

पहिल्या अंड्याचं नुकसान दीड टक्का निघालं. खात्रीसाठी शेषरावानं पुन्हा पाहिलं, तर चार. मलकापूरहून तपासणी अधिकारी महादेवराव आले, त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, नऊ. महादेवरावांनी नीट पाहिलं की नाही हे पाहायला त्यांचे वरिष्ठ पंजाबराव आले, साडेसतरा. (त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं. ते 'इतर शेरा' या रकान्यात लिहिलं.) नुकसान विसावर गेलं तर कचेरी कायम होणार होती, आणि कचेरीबरोबर शेषरावही. दहा अंडी अशीच गेली.

अकराव्यासाठी शेषराव गेला तेव्हा इमामबी मडक्यावर हात ठेवून बसली होती.

"काऊन हो शेषराव, माह्या अंड्याइले ऊन कुठं लागलं? मडक्यात होते ते. तुम्ही दिवा लावून पाहून राह्यले, म्हणून नासून राह्यले. नजर लागते त्याइले."

बाई अडाणी होती आणि तिचं बरोबर होतं. नासवणारे किरण त्या दिव्यातूनच येत होते. शेषरावाला लाज वाटली. त्यानं तडक वर लिहिलं: 'ऊन निर्दोष. नुकसान पाहण्यानं होतं.'

उलट टपाली हुकूम आला: 'न पाहिलेल्या अंड्याचं नुकसान होत नाही, हे पाहून कळवावं.' सोबत परिपत्रकही होतं. यापुढे यंत्रावरून दर शनिवारी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकाव्यात (मोहऱ्या मंजूर: सव्वा तोळा).

त्याच सकाळी बिलकिस बाळंत झाली. पोरगा अगदी मूठभर. शेषरावानं आयुष्यात प्रथमच हिंमत केली. 'सदर अंडे कोणीही पाहिलेले नाही' असा दाखला लिहिला, शिक्का मारला, आणि तो इमामबीला देऊन म्हणाला, "आता याले कोणी हात नाही लावत. आजच उकडून घाला तिले."

त्यानं दाखल्याची नक्कल वर पाठवली नसती तर अंडं वाचलं असतं. पण नक्कल पाठवायची रीत होती. चुलीवर पाणी ठेवेपर्यंत महादेवराव हजर. अख्ख्या जिल्ह्यात न पाहिलेलं अंडं हे एकच, ते पाहणं भाग होतं. पाठोपाठ पंजाबराव. नुकसान एकवीस टक्के भरलं. कचेरी कायम झाली, शेषराव कायम झाला, आणि बिलकिसला कण्यांची पेज मिळाली.

आठवड्यात बाळ सुकायला लागलं. कचेरीला कळवळा आला. बाळाचं नेमकं किती नुकसान झालं ते पाहावं, असा ठराव झाला आणि दारात रांग लागली. इमामबीनं मडक्यावरचं काळं फडकं काढून नातवावर पांघरलं. शेषराव उंबऱ्यापर्यंत गेला आणि मान खाली घालून, न पाहताच परतला. त्याच्या नोकरीत तेवढं एकच काम धड झालं.

बाळ कसं आहे ते बघावं तरी, म्हणून वाचता वाचता तुमचीही मान पुढे आली असेल. संकोच करू नका. रजिस्टरवर सही करा आणि पंजाबरावांच्या मागे उभे राहा.