पाच मोबाईल आणि एक पोतं

पोरांना वळण कसं लावावं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. सगळी नोकरी मी प्राथमिक शाळेत काढली. बोरीच्या झाडावर चढून बसलेली पोरं मी खाली उतरवून पाढ्यांना बसवली आहेत. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी घरात जाहीर केलं, की उद्या सकाळपासून झोपेपर्यंत आपल्या घरात मोबाईल नाही आणि टीव्हीही नाही, तेव्हा ते होणार याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

तशी गरजही होती. सानगडीजवळच्या आमच्या या लहानशा गावात आमचं सहा माणसांचं घर आणि त्यात पाच मोबाईल. माझा मुलगा प्रफुल्ल शेती करतो, पण ट्रॅक्टर दुरुस्त कसा करावा ते मोबाईलमध्ये पाहत बसतो आणि ट्रॅक्टर तसाच उभा राहतो. सून रिता फोडणी टाकून व्हिडिओ पाहते, मग आम्ही काळी भाजी खातो. माझी बायको शकुनबाई भजनं ऐकता ऐकता भलत्याच बायकांची भांडणं ऐकू लागते. नात शालू बारावी होऊन नर्सिंगच्या प्रवेशाची वाट पाहत मोबाईलकडे टक लावून असते. नातू पिंटूचा स्वतःचा मोबाईल नाही, म्हणून तो सगळ्यांचे वापरतो.

मी आधी सौम्य उपाय करून पाहिले होते. माझ्या मोबाईलमध्ये मी पिंटूकडूनच माझ्या आवाजातला गजर भरून घेतला होता. रोज दिवे लागायच्या वेळी तो वाजतो. पहिले दोन दिवस सगळे दचकले. आता तो वाजला की जो जवळ असेल तो मान वर न करता अंगठ्याने बंद करतो. घड्याळाच्या टोल्यासारखं झालं आहे ते.

"बाबा, धानाचा नंबर लागल्याचा मेसेज आला तर?" प्रफुल्लने विचारलं.

"तूच त सांगतलं ना, खरेदी केंद्रावर आपला नंबर यायले अजून आठ दिवस हायेत म्हणून?"

"अन् माया यादीचं काय, आबाजी?" शालू म्हणाली.

"पहिल्या यादीत नाव नाही आलं. दुसरी यादी पुढच्या आठवड्यात हाये. मंग एका दिवसात कोणतं आभाळ कोसळते?"

शालूचं थोडं सांगायला हवं. या पोरीला मी अक्षरं गिरवायला शिकवलं ते अंगणातल्या धुळीत. बारावीला रोज पहाटे तिच्यासोबत उठून बसलो. ती नर्स व्हावी हे तिच्याइतकंच माझंही स्वप्न आहे. तेव्हा माझ्या बोलण्यावर तिने मान हलवली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. बाकीच्यांनी दिले, पण कुणी दागिना गहाण टाकावा तशा चेहऱ्याने.

आता मोबाईल ठेवायचे कुठे? कपाटाची किल्ली पिंटूला सापडते. पेटी रिताची. देव्हाऱ्यामागे ठेवले तर शकुनबाई आरतीच्या निमित्ताने काढणार. मग मला शिक्षकाचं डोकं उपयोगी पडलं. जी वस्तू रोज डोळ्यांसमोर असते ती कुणालाच दिसत नाही. फळ्यावरचा सुविचार कुणी वाचतं का? आमच्या छपरीत विकायच्या धानाची पोती रांगेत लावलेली होती. मी पाचही मोबाईलचा आवाज बंद केला, जुन्या धोतराच्या तुकड्यात त्यांचं गाठोडं बांधलं, शेवटच्या पोत्याची शिवण उसवून ते धानात खोल खुपसलं आणि पोतं पुन्हा शिवलं. ओळखू यावं म्हणून त्यावर गेरूने भली मोठी फुली मारली. सोबत एक साधा हिशेबही केला होता. मोबाईल ओला झाला तर लोक तांदळात ठेवतात. म्हणजे धानात तो सुरक्षितच!

सकाळ फार छान गेली. मी शालू आणि पिंटूला तलावावर नेलं. हिवाळ्यात तिथे दुरून बदकं येतात. पिंटूला मी पाण्यावर खापरी उडवायला शिकवलं. त्याची खापरी तीन उड्या मारून बुडाली, तर तो असा नाचला की बदकंही उडून गेली. शालूने तलावाच्या पाळीवर बसून मला हृदयाचे चार कप्पे काढून दाखवले, चिखलात, काडीने. मला भरून आलं. मी मनात म्हटलं, हे गावातल्या प्रत्येक घरात सुरू करायचं. ग्रामसभेत मांडायचं. भाषणाची पहिली दोन वाक्यंही जुळली होती.

दुपार कलताना घरी आलो तर छपरी रिकामी होती.

रिकामी म्हणजे काय, झाडून काढल्यासारखी! चार दाणे आणि त्यांच्याभोवती आमच्या कोंबड्या.

"शकुन, पोती कुठी गेली?"

"केंद्रावर," शकुनबाई शेंगा फोडत म्हणाली. "काट्यावरचा मारोतराव फटफटी घेऊन आला होता. म्हणे, फोन लावून लावून बोट दुखलं, कोणी उचलून नाही राहिलं. पुढचे बरेच जण आले नाही म्हणून तुमचा नंबर आजच लागला. आत्ताच आणा, नाही त पुढच्या महिन्यात. प्रफुल्लनं अन् रितानं ट्रॅक्टर भरला."

"सगळी पोती?"

"मंग काय अर्धी नेते का? तुमाले काय झालं जी? चेहरा काहून असा झाला?"

मी उत्तर देणार एवढ्यात फाटकाशी स्कुटी येऊन थांबली. शालूची मैत्रीण सरिता उतरली. तिला धाप लागली होती.

"शाले, कुठी मेली होती व तू? सकाळपासून फोन लावून राहिली! दुसरी यादी लागली. आठ दिवस आधीच लागली! तुयं नाव आलं, भंडाऱ्याले!"

शालूने किंकाळी फोडली. शकुनबाईच्या मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. पिंटू कारण न समजता पुन्हा नाचला.

"पण आज सहाच्या आत कन्फर्म करा लागते," सरिता म्हणाली. "नाही त सीट दुसऱ्याले. मी माया मोबाईलवर पान उघडून देतो, पण ओटीपी तुयाच नंबरवर येईल. काढ मोबाईल."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"आबाजी, माया मोबाईल कुठी ठेवला?"

"धानात," मी म्हणालो.

"कोणत्या धानात?"

मी रिकाम्या छपरीकडे बोट दाखवलं. शालूने फक्त माझ्याकडे पाहिलं. पाढे चुकले म्हणून मी कधी कुणाला मारलं नाही, पण त्या वेळी कुणीतरी मला दोन छड्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी सरिताच्या स्कुटीवर मागे बसलो. शालूने पिंटूला सायकलवर घेतलं. शकुनबाई पायीच निघाली आणि वाटेत भेटेल त्याला काय झालं ते सांगत आली. त्यामुळे केंद्रावर आम्ही पोहोचलो त्यानंतर थोड्याच वेळात अर्धं गाव पोहोचलं.

केंद्राच्या आवारात पोत्यांचे डोंगर उभे होते. एकीकडे ट्रक भरणं चालू होतं. प्रफुल्ल आणि रिता आनंदाने काट्याजवळ उभे होते.

"बाबा, काम झालं! ओलावा एकदम बरोबर निघाला!"

"आपलं पोतं कुठी हाये? गेरूची फुली मारलेलं?"

"ते? ते हे पाहा ना."

माझा जीव भांड्यात पडला. प्रफुल्लने फुलीचं पोतं उचलून माझ्या हातात दिलं. ते कागदासारखं हलकं होतं.

"हे त खाली हाये!"

"मंग? आपल्या पोत्यातून काढून केंद्राच्या बारदानात भरा लागते, शिवा लागते. दरवर्षी असंच असते ना, बाबा."

दरवर्षी असंच असतं, हे खरं. दरवर्षी मी तिथे पिंपळाखाली बसून चहा पितो. त्यामुळे हा तपशील माझ्या ध्यानात राहिला नव्हता.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. रिता तोंडावर पदर घेऊन हसत होती की रडत होती, ते कळलं नाही. प्रफुल्ल कपाळावर हात मारून म्हणाला, "तरीच! एका पोत्यात धान कमी अन् वजन बरोबर. मारोतराव म्हणे, तुमचं धान यंदा भारी दमदार हाये!"

मारोतराव हा काट्यावरचा माणूस, माझाच जुना विद्यार्थी. तो अदबीने जवळ आला.

"गुरुजी, थप्पी लागली. सगळ्यांचं बारदान एकसारखं. काही पोती ट्रकवर चढली, आत्ता तुमसरच्या मिलला जातील. तुमचं कोणतं अन् दुसऱ्याचं कोणतं, कसं ओळखू?"

"फोन लाव ना बे!" मागून कुणीतरी ओरडलं.

सरिताने शालूचा नंबर लावला. रिंग जात होती. आम्ही कान टवकारले. काही नाही.

"आवाज बंद केला होता मी," मी हळूच सांगितलं. "पाचहीचा."

"काहून?" पाचपन्नास लोकांनी एकदम विचारलं.

"शिस्त म्हणून."

मग पिंटूला सुचलं, की मोबाईल थरथरत तर असेल! झालं. सरिता रिंग देत राहिली आणि सगळे पोत्यांना कान लावू लागले. हमाल, शेतकरी, चहावाला, सगळेच. रुसलेल्या नवरीची समजूत काढावी तशी एकेक जण पोत्याला मिठी मारून डोळे मिटून उभा. "थरथरते, थरथरते!" प्रफुल्ल ओरडला. ते पोतं फोडलं. ते थरथरत नव्हतं, त्याचेच हात थरथरत होते. शकुनबाई आली आणि पोत्यावर हात ठेवून नवस बोलू लागली. ज्यांना कान लावायला पोतं उरलं नाही, त्यांनी मोबाईल काढून आमचे फोटो घ्यायला सुरुवात केली.

ट्रकवाला तेजराम बाहेरगावचा होता. तो केबिनवर चढून आमचा व्हिडिओ काढत होता.

"काका, मले उशीर होऊन राहिला," तो म्हणाला. "पाच मिनिटांनी मी गाडी काढतो. मिलवर जाऊन शोधा."

"मिलवर धान मशीनमध्ये टाकतील ना गा!" रिता म्हणाली.

ऊन उतरलं. शालू थप्पीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ गेलो.

"राहू द्या आबाजी," तीच म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा भरू."

तिच्या त्या शहाणपणाने मला जास्तच मेल्यासारखं झालं. तेजरामने मोबाईल हातात तसाच धरून केबिनमध्ये उतरून चावी फिरवली, गाडी घरघरली आणि त्याच वेळी केंद्रातले दिवे लागले.

"मुलांनो!"

आवाज ट्रकमधून आला. विहिरीतून कुणी बोलावं तसा, पण खणखणीत.

"मुलांनो! मोबाईल खाली ठेवा! घरातल्या माणसांकडे बघा! अभ्यासाला बसा!"

तो माझा आवाज होता आणि मी तर तोंड मिटून उभा होतो. आणि मग मी आयुष्यात विसरणार नाही असं काही झालं. त्या आवारातले निम्मेअधिक लोक माझे विद्यार्थी. मिशा पिकलेले, नातवंडं असलेले. त्या सगळ्यांनी एकसाथ मोबाईल खिशात टाकले आणि हात मागे बांधून ताठ उभे राहिले. मारोतरावने तर टोपीसुद्धा सरळ केली.

"गजर!" पिंटू किंचाळला. "आबाजीचा गजर! आवाज बंद केला तरी गजर वाजतेच!"

"इंजिन बंद कर बे!" प्रफुल्ल ट्रकवर चढला. तिघेजण मागोमाग चढले. मी आतून पुन्हा ओरडलो, म्हणजे पोत्यातून, की अभ्यासाला बसा. चौथ्या थरातलं पोतं बाहेर ओढलं, मारोतरावने हुकाने शिवण फाडली, धान भळाभळा सांडलं आणि धोतराचं गाठोडं प्रफुल्लच्या पायाशी पडलं.

शालूचा मोबाईल निघाला. बॅटरी लाल झाली होती. सरिताने आपल्या मोबाईलवर पान तयारच ठेवलं होतं. ओटीपी आला. शालू एकेक आकडा वाचू लागली आणि सगळं आवार तिच्या मागे ते आकडे म्हणू लागलं, वर्गात पाढे म्हणतात तसं. सरिताने बटण दाबलं. गोल चक्र फिरलं. फिरत राहिलं. मग हिरवी खूण आली.

"झालं!" शालू म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. शकुनबाईने त्याच पोत्यातलं मूठभर धान आम्हा दोघांवरून ओवाळून टाकलं.

परतीच्या ट्रॉलीत आम्ही सहाही जण मधोमध बसून होतो. प्रफुल्लने ट्रॅक्टर मारोतरावच्या पोराच्या हाती दिला होता. पाच मोबाईल पुन्हा गाठोड्यात होते आणि कुणीच त्याची गाठ सोडत नव्हतं. सगळे एकदम बोलत होते, हसत होते. पिंटू पोत्याला मिठी मारणाऱ्या चहावाल्याची नक्कल करत होता. मला वाटलं, हेच तर मला हवं होतं. हे बोलावं म्हणून मी घसा खाकरला.

"तुम्ही आता काही बोलू नका जी," शकुनबाई म्हणाली. "तुमचं सगळं पोत्यानं सांगून झालं."

एक गोष्ट तेवढी राहिली. तेजराम माझा विद्यार्थी नव्हता. त्याने मोबाईल खिशात टाकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलणाऱ्या पोत्याचा व्हिडिओ अख्ख्या जिल्ह्यात फिरला. सगळे विद्यार्थी ताठ उभे, आणि त्यांच्यावर माझा आवाज. शिक्षकाला याहून मोठा मान कोणता मिळतो? मी तो पुन्हा पुन्हा पाहत होतो. संध्याकाळी तर अगदी रंगात आलो होतो. मारोतराव टोपी सरळ करतो तिथे पोहोचलो आणि नेमका मधेच मोबाईल ओरडला, "मोबाईल खाली ठेवा! घरातल्या माणसांकडे बघा!"

मी मान वर न करता अंगठ्याने बंद केला.