भाऊसाहेबांची लाल आणि पांढरी

रविवारी सकाळी आंघोळ, पूजा, कपाळाला गंध असं सगळं यथासांग आटोपून जो माणूस गोठ्यात जायचा, लाल वाइनचा घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटून तो दोन्ही गालांत खेळवायचा आणि मग गाईशेजारच्या पितळी पिकदाणीत थुंकून टाकायचा, त्याला तुम्ही काय म्हणाल? अकोल्यातल्या आमच्या गल्लीला जे म्हणायचं होतं ते तिनं म्हणून घेतलं होतं. मी मात्र त्यांना भाऊसाहेबच म्हणत असे. एक तर माणूस देवासारखा होता, आणि दुसरं म्हणजे मी त्यांचा भाडेकरू होतो.

भाऊसाहेब वानखडे यांनी जन्मभर एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं. बैलबंडीतल्या कापसात हात खुपसायचा, चिमूटभर बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि 'एक नंबर' किंवा 'दोन नंबर' म्हणून मोकळं व्हायचं. निवृत्त झाले तेव्हा कापूस सुटला, पण प्रत काही सुटली नाही. वांग्याची भाजी, गणपतीतलं व्याख्यान, गल्लीत येणारा नवरदेव, सगळ्यांची प्रत ठरलेली. मी लग्न करून बायकोला प्रथम अकोल्यात आणलं, तेव्हा ओटीवर उभे राहून त्यांनी आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, पोरगी एक नंबर. तुमी दोन." आमच्या बायकोनं हा निकाल अजून विसरू दिलेला नाही.

अशा माणसानं वाइनच्या वाटेला का जावं? त्याचं कारण होतं शालिनी.

शालिनी त्यांची एकुलती एक मुलगी. नागपूरला शेतकी कॉलेजात शिकली, संत्र्यांवरच्या किडींचा नाद लागला आणि त्या किडींच्या मागे मागे शिष्यवृत्तीवर थेट फ्रान्सला पोचली. तिथून एक दिवस तिनं कळवलं की तिनं आंद्रे नावाच्या मुलाशी लग्न केलं आहे. काकूंनी, म्हणजे शालिनीच्या आईनं, पदर डोळ्यांना लावला. भाऊसाहेब कोणाशीच बोलेनात. मग एका संध्याकाळी जिना चढून माझ्याकडे आले. मी शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे फ्रान्स माझ्या अखत्यारीत येतं अशी त्यांची समजूत होती.

"मास्तर, तिकडले लोक काय पेरतात?"

"द्राक्षं," मी पाठ्यपुस्तकातलं सांगितलं. "आणि त्यांची वाइन करतात. लाल आणि पांढरी."

"त्या पोट्ट्याच्या बापाचं द्राक्षाचं वावर आहे म्हनते शालू." भाऊसाहेबांनी बोटांवर कसलासा हिशोब केला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग शेतकरीच आहे न बाप्पा! आपल्यातलाच झाला!"

पुढच्या थंडीत दोघं अकोल्याला येणार असं ठरलं आणि भाऊसाहेबांना नवा घोर लागला. जावई घरी आला की त्याच्या घरच्या पिकाची गोष्ट काढावी, हा त्यांच्याकडचा शिरस्ता. कापूसवाला असेल तर कापसाची, तूरवाला असेल तर तुरीची. जावई मग मोकळा होतो आणि पुन्हा यायला कुरकुरत नाही. "याच्याशी काय बोलू?" ते मला विचारत. "याच्या बापाच्या मालातलं मले काही समजत नाही. जवाई मुकाट बसला, कंटाळला, तं पुन्हा येईन काय? अन् तो नाही आला तं शालू कशी येईन?" त्यांच्या लेखी सगळा डाव या एका गोष्टीवर लागला होता. वाइनमधलं कळलं तर मुलगी पुन्हा घरी येणार, नाही तर ही भेट शेवटची. या हिशोबात तर्क कमी होता हे मलाही दिसत होतं. पण बापाच्या काळजीला तर्काचं काय?

आता ते दिवस होते दारूबंदीचे. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे अशी डॉक्टरची चिठ्ठी असली तरच परमिट मिळे. भाऊसाहेबांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नव्हती. ते अमरावतीला गेले, तिथल्या एका शाळासोबती डॉक्टरला पटवलं आणि परमिटच्या साहेबासमोर जाऊन उभे राहिले. साहेबानं विचारलं, "रोज किती घेता?"

"घेत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "थुंकतो."

तरीही परमिट मिळालं. अमरावतीच्या परमिटवाल्या दुकानात सगळे ब्रँडी मागायचे. गोऱ्या साहेबांच्या काळापासून फळीवर धूळ खात पडलेल्या लाल-पांढऱ्या बाटल्या मागणारा हा पहिलाच. दुकानदारानं त्या आनंदानं काढून दिल्या. बडनेऱ्याला गाडी बदलून भाऊसाहेब पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून अकोल्याला परतले. पण मेथीनं काय झाकणार? चार दिवसांत गावभर झालं की वानखडे म्हातारपणी प्यायला लागले. एकादशीच्या भजनात त्यांना टाळ देईनासे झाले. "न देवो," ते म्हणाले. "मी हातानं टाळ्या वाजवीन." आणि खरोखरच वाजवल्या.

काकूंनी एवढंच सांगितलं, "तुमचं ते तीर्थ माह्या सैपाकघरात नाही पाह्यजे." म्हणून सगळा कारभार गोठ्यात. प्रत ठरवताना दोन माणसं लागतात, एकट्याच्या निकालावर माल उचलत नाहीत, हा फॅक्टरीचा नियम. त्यामुळे दुसरा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. परंतु भाऊसाहेब कायद्याचे पक्के. "परमिट माह्या नावावर आहे, मास्तर. तुमी फक्त वास घ्यायचा."

असा मी वास घेण्यापुरता वाइनतज्ज्ञ झालो. वेताच्या एका मोड्यावर ते, एका मोड्यावर मी, मध्ये पाटावर दोन काचेचे पेले, आणि गाय आमच्याकडे पाहत रवंथ करते आहे. पहिल्या दिवशी त्यांनी पांढरी उजेडात धरली आणि नाक मुरडलं. "हे पांढरी? हे तं पिवळी आहे! कापूस असा पिवळा पडला का आमी त्याले कवडी म्हनतो. दोन नंबर." लालचा घोट मात्र त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला, थुंकला, आणि हवेत चिमटी धरून काहीतरी ओढल्यासारखं केलं. "चव गेली तरी जिभेवर राहून राहिली. धागा लांब आहे, मास्तर!"

"पण भाऊसाहेब, एवढी आणलेली थुंकायची कशाला?"

"कापसाची प्रत पाहतो, तं कापूस खातो काय?"



बाटल्यांची बुचं जुनी होऊन कुजली होती. भाऊसाहेबांनी ती फेकून दिली आणि त्यांच्या जागी उत्तम लांब धाग्याच्या कापसाचे बोळे बसवले. "कापसासारखा राखनदार नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. बोळे लावलेल्या बाटल्या गोठ्याच्या कोनाड्यात अकोल्याचा उन्हाळा सोसत उभ्या राहिल्या. दर रविवारी चव बदलत गेली. लाल अधिकाधिक आंबट लागू लागली, जीभ चरचरू लागली, आणि भाऊसाहेबांचा आनंद वाढत गेला. "माल मुरून राहिला!" मी एकदा भीत भीत म्हटलं की मला लोणच्यासारखा वास येतोय. "तुमचं नाक घाटावरचं," ते म्हणाले. "त्याले अव्वल माल कसा समजन?" मी साताऱ्याकडचा आहे. पुन्हा नाक पेल्यात घातलं. पावसाळा संपेपर्यंत निकाल पक्का झाला होता. जितका आंबट तितका अव्वल, आणि आमची लाल एक नंबर.

डिसेंबरात पाहुणे आले. आंद्रे चांगला ताडमाड उंच, दारात डोकं आपटून आत आला आणि वाकून काकूंच्या पाया पडला. काकूंनी त्याचा तिथल्या तिथे इंद्रराव केला. तो हसे फार, बोले फ्रेंच, आणि शालिनी ते आम्हाला वऱ्हाडीत सांगे. भाऊसाहेबांना कशाचाच धीर नव्हता. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही सगळे गोठ्यात जमलो.

जावयानं बापाच्या मळ्यातल्या दोन बाटल्या परवाना काढून आणल्या होत्या. आधी पाहुण्याचा माल. भाऊसाहेबांनी लाल पेला उजेडात धरला, घोट घेतला, गालांत फिरवला आणि पिकदाणीत थुंकला.

"अवो, विहिनीच्या घरचं थुंकता काय?" काकू कळवळल्या. जावई मात्र खूश झाला. त्यांच्याकडेही जाणकार असंच करतात म्हणे.

भाऊसाहेबांनी हवेत चिमटी ओढली. त्यांचा चेहरा पडला. खोटी प्रत त्यांनी जन्मात कधी दिली नव्हती, आणि जावयापुढेही ती त्यांना देता येईना. "धागा लांब आहे," ते कष्टानं म्हणाले. "पन माल कच्चा आहे. आंबटपनाच नाही. दोन नंबर."

शालिनीनं फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक, गोड सांगितलं. जावयाच्या ओठांच्या कडा हलल्या.

मग आमची लाल आली. भाऊसाहेबांनी कापसाचा बोळा सन्मानानं काढला.  जावयानं एक चांगला मोठा घोट घेतला. त्याचे डोळे विस्फारले, कान लाल झाले. भाऊसाहेब त्याच्याकडे, काकू भाऊसाहेबांकडे आणि गाय माझ्याकडे पाहत होती. त्यानं पिकदाणीकडे एकदा पाहिलं, सासऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि घोट गिळून टाकला.

शालिनीनं पेला हातात घेऊन वास घेतला. "बाबा," ती म्हणाली, "हा तं सिरका आहे."

 कापसाच्या बोळ्यातून हवा आत जाते आणि वाइन आंबून तिचा सिरका, म्हणजे व्हिनेगर होतो, हे तिनं हळू आवाजात समजावलं. भाऊसाहेब मोड्यावर बसले. "म्हंजे मी वर्षभर सिरक्याची प्रत पाहून राहिलो," ते म्हणाले. "अन् याच्या बापाच्या चांगल्या मालाले..."  भजनातला टाळ गेला तेव्हा न ढळलेला तो माणूस त्या क्षणी केविलवाणा दिसला, आणि मला त्यांची फार माया वाटली.

तेवढ्यात जावई उठला. सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात गेला आणि कांदे, गाजरं, कोथिंबीर घेऊन परत आला. गोठ्यातच मांडी घालून त्यानं सगळं चिरलं, त्यावर फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल आणि भाऊसाहेबांची लाल घातली, मीठ भुरभुरलं आणि पहिला घास सासऱ्यापुढे धरला. शालिनी म्हणाली, "तो म्हनते, त्याची आई असाच सिरका पिंपात जपून ठेवते. कोनाले हात लावू देत नाही. हा तिच्या सिरक्याहून चांगला आहे. एक बाटली आईसाठी मागून राहिला."

भाऊसाहेबांनी घास चावला. पुन्हा चावला. "काहून वो," ते काकूंना म्हणाले, "हे तं भाकरीसंग लय चांगलं लागन!" आणि त्या सकाळी काकूंनी भाकऱ्यांची चळत गोठ्यात आणून ठेवली. तीर्थाला स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला तो तेव्हापासून. पुढे आठवडाभर हुरडा झाला, शेंदूरजनाघाटची संत्री झाली, आणि भजनी मंडळातले दोघं सिरक्याचा कांदा चाखायला येऊन गेले.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी विहीणबाईंची बाटली भरायचं काम निघालं. शालिनी आत काकूंबरोबर सामान बांधत होती. गोठ्यात आम्ही तिघेच होतो. जावयानं बाटली धरली होती, मी नरसाळं, आणि भाऊसाहेब ओतत होते. ओतता ओतता ते बोलायला लागले. मला वाटलं माझ्याशीच, पण ते पाहत होते जावयाकडे.

"तुले माही बोली समजत नाही, म्हनून बरं आहे. म्हनून बोलतो." आवाज अगदी खालचा. "तिच्या चिठ्ठीले मी लय दिवस जबाब देला नाही. राग नव्हता रे. काय लिवा तेच समजेना. लहान होती तं मी फॅक्टरीतून आलो का माह्या सदऱ्यावरचा कापूस एक एक करून वेचे. वेचता वेचता बोलत राहे. आता घरात बोलनंच नाही. तुही सासू अन् मी, किती बोलू? ह्या मास्तरले दर रविवारी बसवतो, ते काय वाइनसाठी?" माझ्या हातातलं नरसाळं हललं. त्यांचं लक्ष नव्हतं. "तिले तिकडं करमते काय, हे मले तिले विचारता येत नाही. नाही म्हनली तं मी काय करू? अन् हाव म्हनली तं..."

 डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

जावयानं मान वर केली. एकेक शब्द शोधून, जपून उचलून ठेवल्यासारखा तो बोलला, "कधी कधी... नाही करमत."

सिरका माझ्या हातावरून वाहत होता. भाऊसाहेब ओतायचं थांबवायला विसरले होते.

"मंग मी तिच्यासंग वऱ्हाडी बोलतो," तो म्हणाला. "मी शिकून राहिलो, बाबा. तुमच्यासमोर बोलाले... भेव लागे. शालू म्हने, बाबा प्रत पाहतात."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला आमचं सगळं समजत होतं. इकडे सासरा वाइन शिकत होता, तिकडे जावई वऱ्हाडी शिकत होता, आणि दोघंही एकमेकांना घाबरून होते.

"अन् मी तुह्या बापाच्या वाइनले म्हनलो, ते?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"समजलं," जावई म्हणाला, आणि दोघं हसत सुटले. भाऊसाहेब हसता हसता रडत होते, रडता रडता हसत होते, आणि त्यांनी त्या उंच पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"पुन्हा आनशील न तिले?"

"आनीन."

"मंग बैस इथं. तिचं सामान बांधून होयेपर्यंत बोल माह्याशी. चुकलं तरी बोल."

जावई माझ्या मोड्यावर बसला. मी नरसाळं हळूच खाली ठेवलं, हात धुतले आणि जिना चढून वर आलो. खालून बराच वेळ दोघांचे आवाज येत होते. दुसरा माणूस म्हणून माझी नोकरी त्या दुपारी गेली, आणि कुठलीही नोकरी गेल्याचा मला इतका आनंद झालेला नाही.