साळवे मॅडमची म्हैस

साळवे मॅडम माझ्या आयुष्यात आल्या त्या मागून. अक्षरशः मागून. नोएडात बसमधून उतरून मी इन्स्टिट्यूटकडे निघालो होतो आणि कोणीतरी पाठलाग करतंय असं सारखं वाटत होतं. वळून पाहिलं तर पन्नाशीच्या एक बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम पिशवी. मी थांबलो की त्या थांबायच्या. मी चालू लागलो की चालायच्या, आणि तेही हुबेहूब माझ्यासारख्या, डावा खांदा पाडून, उजवा पाय जरा बाहेर फेकत.

"जी, कुछ काम था?" मी शेवटी विचारलं.

"नहीं नहीं, चलते रहो. तुम्हारा कंधा गिरता है. स्कूल में बस्ता किस तरफ लेते थे?"

"डावीकडे," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडून मराठीच निघतं.

"अगोबाई, आपला आहे!" बाईंना कोण आनंद झाला. "मग चाल की. थांबलास कशाला? मी चाल शिकतेय."

पाच मिनिटांनी कळलं की आम्ही दोघंही एकाच वर्गात चाललोय. कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा, पहिला दिवस.

तेव्हा घरोघरी केबल येऊन फार वर्षं झाली नव्हती. रोज नवा चॅनेल निघायचा आणि प्रत्येकाला गरगर फिरत येणारं सोनेरी नाव हवं असायचं. ती अक्षरं फिरवणारी माणसं तयार करायला आमची इन्स्टिट्यूट निघाली होती. इमारत काचेची, आजूबाजूला मोहरीची शेतं. एसी फक्त कॉम्प्युटरांसाठी. फरीदाबादला ट्रॅक्टरच्या कारखान्यात नोकरी करणारे माझे बाबा सगळ्यांना सांगायचे, "नीलेश एमएससीसारखंच काहीतरी करतोय." कार्टून हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही.

साळवे मॅडम मूळच्या अहमदनगरच्या. फाइन आर्टची पदवी घेऊन तरुणपणीच दिल्लीला आल्या, सरकारी शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका झाल्या आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. आता शाळेतून दोन वर्षांची रजा काढून आल्या होत्या. प्रवेशाच्या मुलाखतीत डायरेक्टर साहेब म्हणाले होते, "मॅडम, ये बच्चों का कोर्स है." त्यावर या म्हणाल्या, "तीस साल से बच्चों के साथ ही बैठी हूँ."

मी एकदा विचारलं, या वयात हे कशाला? "अरे, तीस वर्षं पोरांकडून कागदावर आंबा काढून घेतला," त्या म्हणाल्या. "एकदा तरी तो झाडावरून पडताना बघायचाय."

पहिले दोन महिने मात्र बाईंचे हाल झाले. कॉम्प्युटर अडला की त्या त्याला "सॉरी" म्हणायच्या. पडद्यावरची आज्ञा मोठ्यानं वाचायच्या, तीही शाळेत हजेरी घेतात त्या सुरात. फाइल सेव्ह झाली की "प्रभूची कृपा" असं म्हणून पुन्हा एकदा सेव्ह करायच्या. वर्गातली पोरं आधी हसली, मग त्यांच्या फाइली उडायला लागल्या तसं तीही "प्रभूची कृपा" म्हणायला लागली. त्यात एक सरदारजी होता, तो सगळ्यात भक्तिभावानं म्हणायचा.

पण चित्र हलायला लागलं की बाईंपुढे कोणाचं काही चालायचं नाही. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "वजन कुठंय?" कोणी चेंडू उडवला, रोबो चालवला, की मागून आवाज यायचा, "बाळा, छान आहे, पण वजन कुठंय? हा जमिनीवर चालतोय की जमिनीला विचारून चालतोय?" पुढे पुढे हा प्रश्न कशालाही लागू व्हायला लागला. कँटीनच्या समोशाला, डायरेक्टर साहेबांच्या भाषणाला. वर्गातल्या एका मुलीला द्यायला मी एक चिठ्ठी लिहिली होती आणि मूर्खासारखी आधी बाईंना दाखवली, तर त्या चिठ्ठीलाही. चिठ्ठी गेली नाही ते बरंच झालं.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाला दीड मिनिटाची फिल्म करायची होती. मुंबईच्या एका स्टुडिओचे लोक बघायला येणार आणि त्यातून नोकरीसाठी माणसं निवडणार होते, त्यामुळे सगळेच जिवावर उदार झाले होते. माझं अंतराळयान होतं. इतरांची सहा यानं, चार रोबो आणि एक डायनासोर.

साळवे मॅडमनी कागदावर लिहून दिलं, 'म्हैस उठते.'

डायरेक्टर साहेबांनी कागद उलटा करून मागं काही आहे का पाहिलं. "उठके क्या करती है?"

"कुछ नहीं सर. उठती है."

"मॅडम, देश इक्कीसवीं सदी में जा रहा है और आप भैंस उठा रही हैं! मेरे इन्स्टिट्यूट का नाम है."

"सर, बैठी रहेगी तो कैसे जाएगी?"

साहेबांनी परवानगी दिली नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. फक्त एवढं सांगितलं की नापास झालात तर माझ्याकडे यायचं नाही.

त्यानंतर चार महिने बाई म्हशींच्या मागं होत्या. शेताच्या कडेला जुनं गाव उरलं होतं, तिथं सकाळीच जाऊन बसायच्या. एकदा मलाही नेलं. "बघ, आधी पुढचे गुडघे टेकते, मग मान पुढं फेकते. त्या झोक्यावर मागचं धूड वर येतं. पुढचे पाय शेवटी. आणि उठायच्या आधी एक क्षण विचार करते बघ, उठू की नको." मग त्या स्वतः गवतावर बसून तशाच उठून दाखवायला लागल्या. समोर पाच म्हशी आणि त्यांची मालकीण थक्क होऊन बघत होत्या. मालकिणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तेरी माँ की तबीयत ठीक है?"

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये तीनदा म्हशीची हाडं बसवली आणि तीनदा मोडली. एकदा म्हैस उंटासारखी उठली, एकदा लिफ्टसारखी. सगळी चित्रं कॉम्प्युटरमधून पक्की होऊन निघायला दोन दिवस लागायचे आणि नेमकी दुसऱ्या दिवशी वीज गेली. जनरेटरही बसला. अर्ध्याहून जास्त म्हैस गेली. मला वाटलं बाई रडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं. शेपटी खोटी वाटत होती." आणि पुन्हा कामाला लागल्या.

दाखवायचा दिवस उजाडला. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत मुंबईची मंडळी. यानं उडाली. रोबो लढले. डायनासोरला टाळ्या मिळाल्या. सगळ्यात शेवटी साहेबांनी म्हैस ठेवली होती, लोक चहाला उठतील या हिशोबानं.

पडद्यावर धुळीत एक म्हैस बसलेली. कान हलला. माशी उडाली. उठू की नको, असा तो क्षण. हॉलमध्ये कोणीतरी खिदळलं. मग तिनं गुडघे टेकले, मान पुढं झोकली, आणि ते सगळं अवाढव्य धूड असं काही वर आलं की माझे हात नकळत खुर्चीच्या दांड्यांवर दाबले गेले, जणू मीच तिला उचलत होतो. ती उभी राहिली. तिनं अंग झाडलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "उठ गई!"

तो आमचा वॉचमन होता. जिथं इन्स्टिट्यूट उभी होती, तिथंच पूर्वी त्याचा गोठा होता. "साब, ये असली है," तो सगळ्यांना सांगत सुटला. "ये हमारी वाली ऐसे ही उठती थी!"

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला! मुंबईचे मुख्य साहेब उठून मागच्या रांगेत आले आणि बाईंपुढे वाकून म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरांना शिकवायला याल? तिकडे सगळे हवेत तरंगतात." बाई पहिल्या आल्या. डायरेक्टर साहेब जो भेटेल त्याला सांगत होते, "मैंने ही कहा था, कुछ इंडियन बनाओ."

संध्याकाळी आम्ही सगळे घरी बातमी कळवायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर रांगेत उभे राहिलो. बाई माझ्या पुढे होत्या. त्या आत गेल्या, नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ तशाच उभ्या. ओठ हलले नाहीत. मग रिसीव्हर ठेवून बाहेर आल्या.

"लागला नाही का मॅडम?"

"लागला की. घंटी छान वाजत होती." त्या चष्मा पुसायला लागल्या. "घरचाच, क्वार्टरचा नंबर आहे रे. आई होती तोवर तीच उचलायची. तिला जाऊन दोन वर्षं होतील. उचलणार कोणी नाही हे माहीत आहे मला. पण काही चांगलं झालं की आधी घरी सांगायचं, ही सवय."

दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसलो होतो, पण घरी कोण असतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी आत शिरलो आणि फरीदाबादचा नंबर लावला. आईनं उचलला. "झालं का रे तुझं? कोण पहिलं आलं?"

"थांब, त्याच सांगतील," मी म्हणालो आणि बाईंना आत बोलावून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

बाई आधी नुसत्याच "हो... हो..." म्हणत होत्या. मग आईनं काहीतरी विचारलं असावं. बाईंनी पदर खोचला, बूथच्या काचेला टेकल्या आणि अगदी पहिल्या सकाळपासून सगळं सांगायला लागल्या. मागची रांग वाढली. कोणीतरी काचेवर टकटक केली.

"अर्जंट कॉल है, भाईसाब," मी म्हणालो आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.