निरोप दिला, रजा नाही

बस डेपोतल्या दोनशे दहा ड्रायव्हरांच्या सुट्ट्या जी बाई रोज लावते, तिला स्वतःची सुट्टी लावता येऊ नये, याचा संताप यायला पोटात साडेआठ महिन्यांचं बाळच हवं असं नाही. तिच्या पोटात मात्र ते होतं आणि दिवसभर लाथा मारत होतं.

ड्रायव्हर तिला चार्टबाई म्हणत. कोणी कोणती गाडी कधी न्यायची, हा रोजचा चार्ट ती बनवी. कोणाला पहाटेची पाळी झेपत नाही, कोणाचं कोणत्या कंडक्टरशी बोलणं बंद आहे, सगळं तिच्या डोक्यात. त्यामुळे तिनं कधी थांबावं यावर प्रत्येकाला मत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "वीस तारखेच्या पुढे एक दिवस नाही. पाय बघा किती सुजलेत." डेपोचे साहेब म्हणाले, "एक तारखेला नवं वेळापत्रक लागतंय, तेवढं मार्गी लावून जा." सासूबाई म्हणाल्या, "मी तर कळा येईपर्यंत पाणी भरत होते." नवरा म्हणाला, "तुला वाटेल तसं." चौघांत जास्त राग तिला नवऱ्याचाच आला.

शेवटी तिनं वीस तारीख ठरवली आणि अर्ज दिला. साहेबांनी अर्ज वाचला, कॅलेंडर पाहिलं.

"वीसला मी ट्रेनिंगला आहे. निरोप समारंभ उद्याच उरकून टाकू. कामाचं काय, ते नंतरही करता येईल."

चौदाला, मंगळवारी, समारंभ झाला. साहेब वीस मिनिटं बोलले. "यांची जागा कुणीही भरून काढू शकणार नाही," असं म्हणताना त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. सत्कारमूर्ती तेवढा वेळ उभीच होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. निवृत्त होणाऱ्यांना देतात ते भिंतीवरचं घड्याळ तिला भेट मिळालं, कारण कपाटात तेच शिल्लक होतं. टाळ्या संपल्या आणि ती जरा बाथरूमला जाऊन आली, तर तिच्या खुर्चीवर तिच्या जागी घेतलेली नवी मुलगी बसलेली.

ती साधी खुर्ची नव्हती. उंच पाठीची, मऊ गादीची. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तीन अर्ज जोडून चार महिन्यांनी मिळालेली.

"ताई, तुम्ही गेलात ना?" नवीनं भाबडेपणानं विचारलं.

"मी बाथरूमला गेले होते!"

बुधवारी हजेरीच्या यंत्रानं तिचा अंगठा ओळखायला नकार दिला. ती तणतणत हेडक्लार्ककडे गेली.

"निरोप चौदाचा, म्हणजे रजा पंधरापासून. मी नोंद करून टाकली," तो म्हणाला.

"अर्जावर वीस तारीख आहे."

"मग निरोप चौदाला कसा घेतलात?"

"मी घेतला? तुम्ही दिलात!"

"ते काही असो. रजेवरच्या माणसाला ऑफिसात खुर्ची देता येत नाही. उद्या पडलात-बिडलात तर जबाबदार कोण?"

"मग मी घरी जाते."

"अहो, घरी कशा जाल? चार्ट कोण करणार?"

मग तिला ड्रायव्हरांच्या खोलीतला बाक मिळाला. त्याला पाठ नव्हती. तिनं पोटावर फळी टेकवून चार्ट आखायला घेतला. बाळानं लाथ मारली की सकाळच्या पाळीतला ड्रायव्हर दुपारच्या पाळीत जायचा. दर दहा मिनिटांनी नवी यायची, "ताई, तेवढं एक सांगा ना," आणि विचारून परत मऊ खुर्चीवर जाऊन बसायची.

"बाई, माझ्या शनिवारच्या सुट्टीचं काय झालं?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"मला काय विचारता? मी इथं नाहीच आहे!"

गुरुवारी साहेब स्वतः आले. हातात चहाचा कप, त्यांच्यापुरता.

"बरं झालं तुम्ही आहात. आता एक तारखेपर्यंत थांबाच. आणि काय हो, जागा छान मिळाली की! इथं हवेशीर आहे."

उठायला तिला दोन हात, भिंतीचा आधार आणि बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात राग कमी होईल असं साहेबांना वाटलं असावं. तो वाढला.

"साहेब, मी मंगळवारीच गेले."

"अहो, तो नुसता समारंभ होता!"

"नुसता? वीस मिनिटं बोलत होतात तुम्ही! सुजल्या पायांवर उभी होते मी! यंत्र म्हणतं मी रजेवर, खुर्ची म्हणते मी रजेवर, मग माझे पायच तेवढे कामावर का?"

साहेब हेडक्लार्कवर ओरडले, "ती नोंद आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा!"

"करतो साहेब. पण दुरुस्तीसाठी कर्मचाऱ्यानं कामावर हजर राहून अर्ज द्यावा लागतो."

"मग घ्या की अर्ज!"

"कसा घेणार? त्या रजेवर आहेत."

चार्टबाईनं बाकाखाली ठेवलेलं भेटीचं घड्याळ काखेत मारलं आणि ती चालू लागली.

घरी सासूबाई खिडकीजवळच्या आपल्या आरामखुर्चीत होत्या. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नसे. "एवढ्या लवकर?" त्या म्हणाल्या. "मी तर..."

"माहितीये! पाणी भरत होतात! कळा येईपर्यंत! पण आई, खरं सांगा, भरताना बरं वाटत होतं का?"

सासूबाईंसमोर तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"जीव जात होता नुसता," त्या म्हणाल्या. "पण टेक जरा, असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं."

एवढ्यात फोन वाजला. साहेबांचा होता. सासूबाईंनी तो सुनेच्या हातातून काढून घेतला.

"ती रजेवर आहे... चार्ट? खुर्चीवर बसवलीय ना कोणीतरी, तिला विचारा... अडलंय? मग अडू द्या. गाडी उशिरा सुटली तर माणसं थांबतील. बाळाला थांबवायला तुम्ही येणार आहात का?"

फोन ठेवून त्या खुर्चीतून उठल्या. "टेक जरा," म्हणाल्या. ती बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिची पाठ कशाला तरी टेकली.

संध्याकाळी नवरा आला. "घरी थांबायचं ठरवलंस का? बरं केलंस. मी म्हटलंच होतं, तुला वाटेल तसं."

सासूबाईंनी त्याच्या एका हातात घड्याळ दिलं, दुसऱ्या हातात हातोडी.

"कुठं लावू?" त्यानं विचारलं.

"तुला वाटेल तिथं!" दोघी एकदमच ओरडल्या.

अर्धा तास तो भिंतीसमोर तसाच उभा होता.