कारखान्यातले तीन कारकून

"देव तारी त्याला कोण मारी," असं म्हणून मालकांनी विम्याचा कागद टेबलावर आपटला. टेबल डुगडुगलं.

"तारतोच की," मालकीणबाई हिशेबातून मान वर न करता म्हणाल्या. "पण शाळेला देवाचा दाखला चालायचा नाही. त्यांना विम्याचाच हवाय."

मालकांचा लाकडी सामानाचा छोटा कारखाना होता. पुढे ऑफिसची खोली, मागे कामाची शेड आणि शेडमध्ये तीन कारागीर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक घसघशीत ऑर्डर चालून आली होती, एका शाळेची सगळी बाकं. अट एकच. कामगारांचा भरपाई विमा उतरवलेला असावा, म्हणजे कामावर कुणाला इजा झाली तर औषधपाण्याची आणि बुडालेल्या पगाराची सोय व्हावी. दाखला आठवड्याच्या आत दिला नाही, तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार होती.

मालक माणूस वाईट नव्हता. सकाळी देवापुढे हात जोडले की स्वतःसाठी काही मागायच्या आधी 'माझ्या माणसांचे हातपाय शाबूत ठेव' असं म्हणायचा. फक्त तीच प्रार्थना पैसे भरून करायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

"एवढा हप्ता? आपल्याकडे काय तोफा ओततात?"

"बघू, दाजी," म्हणत मेहुण्याने कागद ओढून घेतला. हा मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. चहाच्या वेळेला यायचा आणि जेवणाची वेळ गाठूनच जायचा. "सोपं आहे हो हे. पगार जितका जास्त तितका हप्ता जास्त. आणि काम जितकं धोक्याचं तितका दर चढा. हे बघा, करवतीवर काम करणाऱ्याचा दर. आणि हा खाली कारकुनाचा."

मालकांनी चष्मा पुसून दोन्ही आकडे पाहिले. एक हत्ती होता, दुसरा मुंगी.

"मग सगळ्यांना कारकूनच लिहा ना," मेहुणा म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"अहो, करवतीवरच्या मिस्त्रींचं बोट गेलं उद्या, तर कारकून म्हणून कोण पैसे देईल?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बोट जायचं असतं तर आजवर गेलं नसतं का?" मालक म्हणाले आणि त्यांनी अर्ज भरला. बुद्धी फिरायची असली की माणसाला अक्षरही सुरेख येतं. अर्ज असा देखणा झाला की विमा कंपनीत तो दोनदा वाचला गेला. लाकडी सामानाचा कारखाना, कारकून तीन, सुतार एकही नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. उद्या सकाळी आमच्या तपासनीस बाई येतील.

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याचं मात्र डोकं चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी करवतीचं मशीन बंद झालं आणि शेडला कुलूप लागलं. ऑफिसात तीन टेबलं मांडली गेली. आता या ऑफिसातल्या सामानाबद्दल सांगायलाच हवं. मालकांचा जुना नेम असा, की चांगली वस्तू गिऱ्हाइकाची आणि बिघडलेली ऑफिसची. त्यामुळे तिथलं प्रत्येक टेबल लंगडं, प्रत्येक खण अडलेला आणि खुद्द मालकांच्या खुर्चीचा मागचा पाय तडकलेला. "ही खुर्ची एकदा दुरुस्त करून घ्या," असं मालकीणबाई केव्हापासून सांगत होत्या. "मजुरी पडते," हे मालकांचं ठरलेलं उत्तर.

मिस्त्रींना मेहुण्याचा इस्त्रीचा शर्ट घातला. तो पोटावर बसेना. पॉलिशवाल्याचे हात तीनदा धुतले, तरी नखं तपकिरीच राहिली. तिसरा कारागीर बुटका, त्याला सगळे पाचर म्हणायचे. तो खुर्चीवर बसला तर त्याचे पाय जमिनीला पोचेनात.

"मी लिहायचं काय, मालक?" मिस्त्रींनी विचारलं.

"काहीही लिहा. मान खाली ठेवा, म्हणजे झालं."

"मान खाली घालून बसायला लग्नाला उभा राहिलोय का मी?"

"मिस्त्री, एक तास. माझ्यासाठी."

मिस्त्रींनी कागद पुढे ओढला. मालकांनी 'माझ्यासाठी' म्हटलं, की ते कधी नाही म्हणाले नव्हते.

तपासनीस बाई आल्या. मध्यमवयीन, शांत, खांद्याला पिशवी. मालकांनी त्यांना त्यातल्या त्यात बरी खुर्ची दिली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तीन कारकून माना खाली घालून बसलेले. खोलीत ओल्या पॉलिशचा वास. मिस्त्रींच्या केसांत भुसा.

"तुम्ही काय काम करता?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"लिहितो."

"काय लिहिता?"

मिस्त्रींनी कागदाकडे पाहिलं. सवयीने त्यांनी समोरच्या टेबलाचंच माप लिहून काढलं होतं, तेही कानामागच्या चपट्या पेन्सिलीने. "लांबी-रुंदी," ते खरं तेच बोलले.

"आणि तुम्ही?"

"मी पण तेच," पाचर म्हणाला. "त्यांचं झालं की."

"आणि हे टेबल का चोळताय?"

पॉलिशवाल्याने हात झटकन मागे घेतला. बसल्या बसल्या त्याने रुमालाने टेबलाचा एक कोपरा चकचकीत करून ठेवला होता.

"फार स्वच्छतेचं वेड आहे त्यांना," मालक घाईघाईने म्हणाले.

बाईंनी लिहायला कागद काढला आणि कोपर टेबलावर टेकलं. टेबल डुगडुगलं. त्यांनी कागद सरकवला. टेबल पुन्हा डुगडुगलं. तिन्ही कारकुनांचे हात थांबले. बाईंनी खण ओढला, तो अर्ध्यावर अडकून कर्रकन ओरडला. पॉलिशवाल्याने डोळे मिटून घेतले. पाचर खुर्चीवरून खाली घसरला. भुकेल्या माणसासमोर ताट ठेवून हात बांधावेत, तशी त्या तिघांची गत झाली होती.

शेवटी बाईंची पेन्सिल टेबलावरून गडगडत खाली गेली, तेव्हा मिस्त्री उठले.

"बाई, जरा बाजूला होता का? देवाशपथ, आता नाही बघवत."

इस्त्रीच्या शर्टातून पटाशी निघाली. पाचरने पायमोज्यातून हातोडी काढली. पॉलिशवाल्याने खण उपसून त्याच्या कडेवर मेणबत्ती घासायला घेतली. मेणबत्ती खिशातच होती.

"मिस्त्री, अहो मिस्त्री, काय करताय?" मालक ताडकन उठले. आपण कारकुनाला मिस्त्री म्हटलं हे ध्यानात आलं, तसे ते मटकन खाली बसले.

तडकलेल्या पायाने इतकी वर्षं वाट पाहिली होती. तो मोडला. मालक खुर्चीसकट मागे गेले. पडता पडता त्यांनी कपाट धरलं, कपाटाचं दार हातात आलं आणि हिशेबाच्या वह्या एकामागून एक त्यांच्या अंगावर उतरल्या.

पुढची धांदल मिस्त्रींनीच निभावली. मालकांचं मुरगळलेलं मनगट चाचपलं, दोन पातळ पट्ट्या बेतून लावल्या आणि इस्त्रीच्या शर्टाची बाही फाडून बांधल्या. मेहुणा शर्टाकडे बघत राहिला.

"कारकून फार हरहुन्नरी आहेत तुमचे," बाई म्हणाल्या.

मालकांनी मान खाली घातली. "सुतार आहेत हो. हप्ता परवडेना म्हणून खोटं लिहिलं. चूक झाली. पण ऑर्डर जाऊ देऊ नका. या तिघांच्या घरच्या चुली तिच्यावर पेटणार आहेत."

बाई रागावल्या नाहीत. त्या तिघांना म्हणाल्या, "हात दाखवा बघू." तिघांनी हात पुढे केले. खरबरीत, डागाळलेले, पण तीसच्या तीस बोटं जागेवर. मग त्यांनी शेड उघडायला लावली. करवतीच्या पात्यावर एक लाकडी कठडा बसवलेला होता, हात पुढे जाऊच नये असा.

"हा कुणी केला?"

"आमच्या मालकीणबाईंनी करून घेतला," मिस्त्री म्हणाले. "मालक महिनाभर रुसले होते. चांगलं लाकूड वाया गेलं म्हणून."

"तो रुसवा आता कामाला आला," तपासनीस बाई म्हणाल्या. "खोटं लिहून हप्ता वाचला असता, पण एखाद्याचं बोट गेलं की कंपनीने विचारलं असतं, कारकून करवतीवर काय करत होता? मग सगळी भरपाई तुमच्या पदरची. कारखाना विकला असता तरी पुरली नसती. खरं लिहा. कठडा आहे, अपघात एकही नाही, याची सूट मिळते. नवा अर्ज आत्ता भरून द्या, दाखला वेळेत देते."

मालकीणबाईंनी आकडा मांडून पाहिला. हत्तीचं वासरू झालं होतं. बाकांच्या ऑर्डरीत सहज मावेल एवढं.

मालकांच्या जिवात जीव आला आणि जीव आला तसा हातही ठणकू लागला. "बाई, मीसुद्धा कामावरच पडलो. माझ्या हाताची भरपाई?"

"तुम्ही कामगार नाही. मालकाचं नाव यात आपोआप येत नाही, वेगळं घालावं लागतं."

"मग घाला की. मी खरोखरच कारकुनी करतो. मुंगीचा दर लावा."

बाईंनी मोडक्या खुर्चीकडे पाहिलं, निखळलेल्या दाराकडे पाहिलं. "दर कारकुनाचाच लागेल. पण अपघातांचा इतिहास बघावा लागतो. याआधी कधी पडलात?"

"छे," मालक म्हणाले.

"दिवाणावरून," मालकीणबाई म्हणाल्या. "बिजागरी नव्हती त्या स्टुलावरून. जिन्यावरून, तोही आपलाच. आणि ते झोपाळ्याचं सांगू का?"

"नको," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "जागा संपली."

दाखला वेळेत आला, ऑर्डर मिळाली. कागदावर चार नावं होती आणि माणशी सर्वांत जास्त हप्ता मालकांच्या नावापुढे होता. मालकीणबाईंनी तो एक शब्द न बोलता भरला.

बाकांचं काम सुरू झालं त्या सकाळी मालक हात गळ्यात बांधून ऑफिसात आले. टेबलापाशी नवी खुर्ची होती. सागवानी, भक्कम, चार पाय जमिनीला घट्ट. मालकांचे डोळे भरून आले. ते जपून बसले. तोच मिस्त्रींनी मागून एक लाकडी कठडा पुढे वळवला आणि मालकांच्या पोटापाशी खट्कन बसवला. अगदी करवतीवर होता तसाच.

"हे काय, मिस्त्री?"

"असू द्या, मालक," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या वर्षी सूट मिळते."